गेकोच्या वाटीतलं फळ: प्रसादाएवढंच

पिकलेल्या पपईचा वास आला की क्रेस्टेड गेको, म्हणजे हौसेने पाळली जाणारी पालीची एक परदेशी जात, फांदीवरून उतरून वाटीपाशी येतो. आधी वाटीच्या कडेला जीभ लावतो, मान जराशी मागे घेऊन थांबतो आणि मग पुढे होऊन चटचट चाटायला लागतो. मधेच तीच जीभ डोळ्यावरून फिरवून डोळा पुसून घेतो, कारण त्याला मिटायला पापण्या नसतात. पाच-दहा मिनिटांत वाटी लख्ख होते. एवढ्या आवडीने खाताना बघितलं की मनात येतंच, रोज दिलं तर काय बिघडलं? बरंच बिघडतं. फळ गेकोला प्रसादासारखं द्यायचं असतं: थोडं, ठरल्या दिवशी आणि पोटभर जेवण वेगळं ठेवून. ते कोणाला द्यायचं, कोणतं, किती आणि ठाणे-नवी मुंबईच्या उकाड्यात कसं सांभाळायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी तुमचा गेको कोणता, ते पक्कं करा

हे वाचल्याशिवाय फळ कापायला घेऊ नका. घरात लेपर्ड गेको असेल तर त्याला फळ द्यायचंच नाही. आफ्रिकन फॅट-टेल गेकोलाही नाही. या दोन्ही जाती मुळात कोरड्या, खडकाळ मुलखातल्या, किड्यांवर जगणाऱ्या. त्यांची आतडी फळातली साखर आणि तंतू पचवायला बनलेली नाहीत. लेपर्ड गेको एखादवेळी बोटावरचा आंबा चाटेलही, पण चाटलं म्हणजे मानवलं असं होत नाही. त्यांच्यापर्यंत फळ पोहोचवायची वाट वेगळी आहे, ती खाली सांगितली आहे.

फळ चालतं ते क्रेस्टेड गेको, गार्गोयल गेको आणि डे गेको यांना. पहिले दोन न्यू कॅलेडोनिया बेटांवरचे. क्रेस्टेड गेको नामशेष झाला असं बराच काळ मानलं जात होतं. 1994 मध्ये तो पुन्हा सापडला आणि आज जगभर घराघरांत पाळला जातो. जंगलात हे प्राणी पिकून फुटलेली फळं, फुलांतला मध आणि किडे असं मिळेल ते खातात. डे गेको मुख्यतः मादागास्कर आणि आसपासच्या बेटांवरचे. ते दिवसा जागे असतात, बाकीचे दोन रात्री. वाटी कधी ठेवायची हे त्यावरून ठरतं.

डे गेकोच्या बाबतीत एक कायद्याची गोष्ट. ही जात साइट्स करारात, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या करारात येते. अशा परदेशी प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, आणि 2024 च्या नियमांनी त्याची पद्धत ठरवून दिली आहे. प्राणी घेतानाच विक्रेत्याकडून कागद मागून घ्या. भिंतीवरची आपली नेहमीची पाल किंवा येऊरच्या जंगलातला कुठलाही गेको पकडून आणून त्याला फळं भरवायचा विचारसुद्धा नको.

जेवण काय आणि प्रसाद काय

क्रेस्टेड आणि गार्गोयल गेकोचं खरं जेवण म्हणजे त्यांच्यासाठी बनवलेली पूर्ण आहाराची पावडर. पँजिया आणि रेपाशी ही त्यातली प्रसिद्ध नावं. साधारण 1 भाग पावडरीला 2 भाग पाणी, पण पाकिटावर लिहिलं असेल ते प्रमाण धरा. कालवून पाच मिनिटं मुरू द्यायची. इडलीच्या पिठाएवढी दाट झाली की जमली. पूर्ण वाढलेल्या गेकोला आठवड्यातून तीन रात्री, पिल्लाला रोज. शिवाय आठवड्यातून एक-दोनदा जिवंत किडे: गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नकोत.

या पावडरीत प्रथिनं, कॅल्शियम, डी-3 जीवनसत्त्व आणि अ जीवनसत्त्व मोजून घातलेलं असतं. फळात यातलं फारसं काही नसतं. फळात असते ती साखर, पाणी, तंतू आणि वास.

कॅल्शियमचं गणित एकदा समजून घेतलं की कुठलंही फळ समोर आलं तरी निर्णय सोपा जातो. सरड्या-पालींच्या आहारात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या दुप्पट असावं असं धरतात. फॉस्फरस जास्त झाला की शरीर हिशेब जुळवायला हाडांतलं कॅल्शियम काढून घेतं. 100 ग्रॅम केळ्यात कॅल्शियम जेमतेम 5 मिलिग्रॅम आणि फॉस्फरस 22 च्या आसपास, म्हणजे सरळ उलटं. पपईत कॅल्शियम 20 आणि फॉस्फरस 10, हवं तसं. ताज्या अंजिरात 35 आणि 14, आणखी चांगलं. चिकू 21 आणि 12. आंबा 11 आणि 14. पेरू 18 आणि 40. फळाच्या जातीप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण कल हाच राहतो.

आता कोणी म्हणेल, केळ्यात कॅल्शियमची पावडर घातली की झालं! अर्धा चमचा केळ्याची तूट चिमूटभर पावडरीने भरून निघते, हे खरं आहे. पण खरा तोटा वेगळाच असतो. 40 ग्रॅमच्या जिवाचं पोट ते केवढं? ते फळाने भरलं की त्या रात्री पावडर शिल्लक राहते. असं आठवड्यातून चार रात्री झालं की डी-3 नाही, प्रथिनं नाहीत, आणि गोडाची चटक मात्र लागलेली. म्हणून फळाचं प्रमाण कॅल्शियमवर ठरवू नका, पोटावर ठरवा.

आम्ही धरतो ते माप असं. 15 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या पिल्लाला फळ नाहीच. 15 ते 35 ग्रॅमच्या गेकोला पंधरा दिवसांतून एकदा पाव चहाचा चमचा. पूर्ण वाढलेल्याला, म्हणजे 35 ग्रॅमच्या पुढे, आठवड्यातून जास्तीत जास्त एकदा अर्धा चहाचा चमचा. लहान जातीच्या डे गेकोला वाटाण्याएवढा थेंब पुरतो. आणि कुठलाही नवा गेको घरी आणल्यावर पहिले तीन-चार आठवडे फळाचं नावही नको. तो पावडर नीट खातो आहे, वजन टिकलं आहे, हे आधी दिसलं पाहिजे.

बाजारात काय घ्यायचं

आपल्याकडे या बाबतीत सोय चांगली आहे. वाशीच्या एपीएमसी फळबाजारातून माल सगळीकडे जातो. ठाण्यात जांभळी नाक्याला किंवा तुमच्या कोपऱ्यावरच्या गाडीवर वर्षभर काही ना काही मिळतं. गेकोला लागतं एक चमचा, म्हणून त्याच्यासाठी वेगळं फळ आणायची गरज नसते. घरासाठी आणलेल्यातला चांगला तुकडा काढायचा.

पपई हे पहिलं फळ. बाराही महिने मिळते, वास दांडगा, गर मऊ, गणित बरोबर. फक्त पूर्ण पिकलेली हवी, कारण कच्च्या आणि अर्धकच्च्या पपईत चीक असतो आणि तो तोंडाला व पोटाला झोंबतो. साल पिवळी झालेली असावी, अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबावी, देठापाशी गोड वास यावा. कापल्यावर सालीखाली पांढरट थेंब सुटताना दिसले तर ती पपई दोन दिवस ठेवून द्या. बिया आणि बियांभोवतीचा बुळबुळीत पडदा काढून टाका.

अंजीर ताजं मिळालं तर उत्तम. पुरंदरची अंजिरं हंगामात आपल्याकडे येतात. साल सोलून आतला गर घ्यायचा. सुकं अंजीर भिजवून देऊ नका: पाणी गेल्यामुळे त्यात साखर फार दाटलेली असते.

चिकू डहाणू-घोलवडकडून भरपूर येतो. तोही पूर्ण पिकलेलाच, कारण कच्च्या चिकूचा चीक जिभेला चिकटतो. काळी बी काढा. तिला टोकाशी आकडा असतो, तो गरात राहता कामा नये. चिकूचा गर रवाळ असतो म्हणून चाळून घेतलेला बरा.

आणि आंबा. एप्रिल-मे मध्ये घरात पेटी असताना गेकोला आंबा द्यायचा नाही हे कोणाच्याच्याने होत नाही, आणि गरजही नाही. हापूसचा गर रेषांचा नसतो म्हणून सोयीचा. रायवळ असेल तर गाळल्याशिवाय देऊ नका, कारण लांब रेषा दातांत आणि जिभेत अडकतात. आपण खायच्या आधी आंबे पाण्यात घालून ठेवतो तसंच करायचं: अर्धा तास भिजत, मग देठाजवळचा भाग चीक जाईपर्यंत चोळून धुवायचा, साल काढायची. कार्बाइड घालून आंबा पिकवायला देशात बंदी आहे. तरीही सालीवर पांढरी भुकटी दिसली, रंग सगळीकडे एकसारखा पिवळा आणि आत मात्र गर कडक-पांढरा असला, तर तो आंबा गेकोच्या वाटीत जाऊ नये. आंब्याच्या हंगामात महिन्याला दोनदा, त्यापुढे नाही.

केळं महिन्यातून एकदा, तेही दुसऱ्या फळात मिसळून. वासामुळे अडून बसलेला गेको वाटीकडे येतो, एवढाच त्याचा उपयोग. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात चालते, पण तिला साल नसते आणि फवारणी सगळी वरच बसते. म्हणून वाहत्या पाण्याखाली एक-एक चोळून धुवायची, पाठीवरच्या बारीक बिया गाळायच्या. कलिंगड दिलं तरी त्रास नाही, पण त्यातून पाण्याशिवाय फारसं काही मिळत नाही. सफरचंद आणि नाशपाती वाफवून, मऊ करून.

आता टाळायचं ते. अवोकाडो अजिबात नाही, त्यातलं पर्सिन अनेक प्राण्यांना विषारी असतं. लिंबू, मोसंबी, संत्रं, अननस, कोकम, कैरी ही आंबट मंडळी तोंडाची आणि पोटाची आतली कातडी दुखवतात. कमरखात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं आणि ते कॅल्शियमला बांधून टाकतं. सीताफळाच्या बिया विषारी, आणि गर बियांना इतका चिकटून असतो की आम्ही ते फळ यादीतच धरत नाही. डाळिंबाचा टणक दाणा नको. आमरस, मिल्कशेक, फ्रूट सॅलड, श्रीखंड यांतलं काहीही नको. दूध-दही गेकोला पचत नाही. डबाबंद आंब्याच्या गरात बऱ्याचदा साखर घातलेली असते. जाम आणि सरबताचा प्रश्नच नाही.

गर तयार करणं

लागणारी हत्यारं घरातलीच: वेगळी ठेवलेली छोटी सुरी, स्टीलची चहाची गाळणी, एक चहाचा चमचा, छोटी वाटी. कांदा-मिरची चिरलेली सुरी आणि पाट वापरू नका.

फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. साबण लावू नका. साल काढा, बिया काढा. दोन चमचे गर गाळणीत घ्या आणि चमच्याच्या पाठीने दाबून खाली उतरवा. गाळणीच्या खालच्या बाजूला जो मऊ लगदा चिकटून राहतो, नेमका तोच हवा असतो. मिक्सर लावला तर गरात हवा भरते आणि पाणी घालावं लागतं, शिवाय एवढ्याशा गरासाठी भांडं धुवायचं काम वाढतं.

त्यात सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची कॅल्शियम पावडर चिमूटभर. ही डी-3 नसलेली घ्या. डी-3 तुमच्या मुख्य पावडरीत आधीच आहे, आणि हे जीवनसत्त्व जास्त झालं तर शरीरात साठत जातं, लघवीवाटे निघून जात नाही. पावडर मिळत नसेल तर पक्ष्यांसाठी विकतात ते समुद्रफेन किसून, अगदी मैद्यासारखं बारीक करून चालतं. तेही कॅल्शियम कार्बोनेटच आहे. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या वापरू नका, कारण त्यांत डी-3 माणसाच्या मापाचं असतं. आणि पानाच्या डब्यातला चुना तर चुकूनही नको. 'चुना म्हणजे कॅल्शियमच की' असं घरातलं मोठं माणूस सहज म्हणून जातं, पण खायचा चुना भाजणारा असतो. आपण तो विड्यात कात-सुपारीबरोबर नखाएवढा लावतो. गेकोच्या जिभेवर तो थेट लागला तर तोंड सोलून निघेल.

उरलेला गर फ्रिजमध्ये दोन दिवसांपलीकडे ठेवू नका. जास्त दिवस हवा असेल तर ताटलीवर बटर पेपर पसरून त्यावर अर्ध्या-अर्ध्या चमच्याचे थेंब घाला आणि फ्रीझरमध्ये ठेवा. घट्ट झाले की सोडवून झिपच्या पिशवीत भरा, वर तारीख लिहा. महिनाभर टिकतात. मे मधला हापूस जूनअखेरपर्यंत असा पुरवता येतो. द्यायच्या दिवशी एक थेंब वाटीत काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. एकदा वितळलेला पुन्हा गोठवू नका.

द्यायची संध्याकाळ

1. क्रेस्टेड किंवा गार्गोयल असेल तर दिवेलागणीनंतर, गेकोच्या काचेच्या पेटीतला दिवा मालवल्यावर वाटी ठेवा. डे गेकोला सकाळी.

2. वाटी उथळ हवी. पाण्याच्या बाटलीचं झाकण गरम पाण्याने धुऊन घेतलं की काम भागतं. हे झाडावर राहणारे प्राणी आहेत, म्हणून वाटी जमिनीवर न ठेवता पेटीच्या निम्म्या उंचीच्या वर, फांदीशेजारी टेकवा. काचेला चिकटणारा चुंबकाचा किंवा रबरी पकडीचा कट्टा मिळतो.

3. फळाच्या रात्रीही मुख्य पावडर ठेवायची. उत्तम म्हणजे एक चमचा कालवलेल्या पावडरीत पाव चमचा गर मिसळून एकच वाटी द्यायची. दोन वाट्या शेजारी ठेवल्या तर तो गोडच निवडणार.

4. पेटीत पाण्याचा फवारा मारा, पण वाटी बाजूला काढून. पाणी पडलं की मिश्रण पातळ होतं आणि लवकर आंबतं.

5. सकाळी उठल्यावर पहिलं काम, वाटी उचलणं. हिवाळ्यात किंवा एसीच्या खोलीत बारा तास ठीक. उकाड्यात आठ तासांच्या वर फळ ठेवू नका. वाटीला दारूसारखा उग्र वास आला, वर बुडबुडे दिसले, तर गर आंबला आहे.

6. वाटी साबणाने धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून वाळवा. काचेवर, पानांवर उडालेले गराचे ठिपके ओल्या कापडाने पुसा. बुरशीची सुरुवात तिथूनच होते.

सकाळी वाटी भरलेलीच दिसली म्हणून घाबरू नका. जीभ लावल्याच्या बारीक खुणा दिसतात का ते आडव्या प्रकाशात बघा. क्रेस्टेड गेको खातो ते इतकं थोडं की वरवर काहीच कमी झाल्यासारखं वाटत नाही. शंका असेल तर विष्ठा आणि वजन हे खरे साक्षीदार.

ठाण्याचा मे आणि नवी मुंबईचा जुलै

क्रेस्टेड गेकोला 22 ते 26 अंश मानवतं. 28 च्या वर तो दमायला लागतो, आणि आपल्याकडे मे मध्ये रात्रीसुद्धा पारा तेवढा असतो. म्हणून एसीची किंवा निदान खात्रीने गार राहणारी खोली असल्याशिवाय हा प्राणी घेऊच नये, हे आम्ही स्पष्ट सांगतो. उकाड्यात तो खाणं कमी करतो, आणि नेमकं तेव्हाच माणसं त्याला 'काहीतरी खाऊ दे' म्हणून आंबा दाखवतात. आधी खोली गार करा. अन्नावरची वासना आपोआप परत येते.

पावसाळ्यात त्रास वेगळा. हवा ओली, त्यामुळे पावडरीचे गोळे होतात आणि तिला बुरशी धरते. पाकीट हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर लगेच झाकण उघडू नका. डबा खोलीएवढा गरम झाल्यावर उघडा, नाहीतर आत दव धरतं.

मुंग्या वर्षभर. रात्रीतून लाल मुंग्यांची रांग लागली तर झोपलेल्या गेकोला त्या चावतात. उपाय जुनाच: पूर्वी जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, तशा पेटीच्या स्टँडच्या चारही पायांखाली ठेवा आणि पाणी दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतील. मुंग्यांचा खडू, फवारा, डासांची कॉइल किंवा प्लगमध्ये लावायचं लिक्विड त्या खोलीत नको. त्यांतली कीटकनाशकं पेटीतल्या किड्यांना मारतात आणि गेकोलाही बाधतात. त्याऐवजी खिडकीला जाळी बसवा.

फळ म्हटलं की चिलटं आलीच. पेटीबाहेर एका बरणीत काळं पडलेलं केळं ठेवा, तोंडावर कागदाचं नरसाळं निमुळतं टोक आत जाईल असं बसवा. चिलटं आत जातात, बाहेर येत नाहीत. रोज सकाळी वाटी उचलणाऱ्याच्या घरी मुळात ती फारशी होत नाहीत.

फळ किड्याला, किडा गेकोला

लेपर्ड गेकोवाल्यांसाठी सांगितलेली वाट ती हीच, आणि क्रेस्टेडलाही ती तितकीच उपयोगी. क्रिकेट (विकत मिळणारे रातकिडे) किंवा डुबिया झुरळं गेकोला द्यायच्या आधी 24 ते 48 तास चांगलं खाऊ घालायची. किड्याच्या पोटात जे असेल तेच गेकोच्या पोटात जातं. पपईची फोड, लाल भोपळ्याचा तुकडा, गाजर आणि मुख्य म्हणजे शेवग्याचा पाला. या पाल्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि आपल्याकडे निम्म्या सोसायट्यांच्या आवारात शेवगा उभा असतो. फक्त त्या झाडावर किंवा खाली धूरफवारणी झालेली नसावी. देताना किड्यांवर कॅल्शियमची पावडर भुरभुरवायची. घरातली गटारातून आलेली झुरळं मात्र कधीच नाहीत.

बिघडतंय हे कसं ओळखायचं

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, शक्यतो 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा. दर आठवड्याला एकाच दिवशी वजन करून वहीत लिहा. वजन दहा टक्क्यांनी उतरलं, म्हणजे 40 चं 36 झालं, तर वाट न बघता डॉक्टरकडे जा.

पपई किंवा आंब्याच्या दुसऱ्या दिवशी विष्ठा केशरट, थोडी सैल येते. एकदा आली तर ठीक. दोन-तीनदा सलग पाण्यासारखी आली तर फळ पूर्ण बंद, फक्त पावडर आणि पाणी, आणि तरीही थांबली नाही तर ताजा नमुना डबीत घेऊन तपासून आणा. जंत किंवा इतर संसर्ग असेल तर फळाची साखर त्यात भर घालते.

कॅल्शियम कमी पडू लागल्याच्या खुणा हळूहळू दिसतात. पकड सुटते: काचेवर चढणारा गेको घसरायला लागतो. शेपटी मधेच वाकडी होते, किंवा उलटं लटकल्यावर शेपटी पाठीवर लोळते. बोटं थरथरतात. खालचा जबडा रबरासारखा मऊ लागतो. क्रेस्टेड गेकोच्या टाळूला मागच्या बाजूला दोन पांढऱ्या पिशव्या असतात, त्यात तो कॅल्शियम साठवतो. तो स्वतःहून जांभईसारखं तोंड उघडेल तेव्हा एक नजर टाका. पांढरं दिसलं तर साठा आहे. बघण्यासाठी जबडा ओढून उघडू नका, मऊ झालेला जबडा मोडतो.

गोडाला चटावलेला गेको

कधी कधी प्राणी हातात येतो तोच केळ्यावर किंवा बाळांच्या फळाच्या गरावर वाढलेला. पावडरीकडे बघतही नाही. अशा वेळी एकदम बंद करू नका. पहिला आठवडा निम्मं फळ, निम्मी पावडर. दुसरा आठवडा एक भाग फळ, दोन भाग पावडर. तिसऱ्यात एकास चार. चौथ्यात गराचा नुसता थेंब, वासापुरता. एखादी पायरी अडली तर मागची पायरी आणखी आठवडाभर चालवा. पूर्ण वाढलेला, अंगात भरलेला गेको काही रात्री रुसून राहिला तर त्याचं काही बिघडत नाही. वजन मात्र या दिवसांत रोज बघा. पिल्लाच्या बाबतीत एवढं थांबू नका.

अडलेल्या गेकोच्या नाकाच्या टोकाला किंवा ओठाच्या कडेला मिश्रणाचा एक थेंब लावला की तो चाटून टाकतो. चाटता चाटता चव लागते. हे दिवसातून एकदाच, आणि तो पळायला लागला तर लगेच सोडून द्यायचं. हातात दाबून धरलं तर शेपटी टाकतो, आणि क्रेस्टेडची गेलेली शेपटी पुन्हा येत नाही.

डॉक्टरचं म्हणाल तर कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक दवाखाना पालींवर उपचार करतोच असं नाही. गेको घरी आणायच्या आधीच ठाणे, नवी मुंबई किंवा मुंबईत सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर कोण, त्याची वेळ काय, हे फोनवर विचारून ठेवा. नेताना भोकं पाडलेल्या छोट्या डब्यात ओला टिश्यू घाला, डबा कापडी पिशवीत ठेवा म्हणजे अंधार राहील, आणि दुपारच्या उन्हात निघू नका. वजनाची वही, विष्ठेचा नमुना आणि गेल्या महिन्यात कोणतं फळ किती वेळा दिलं याची यादी सोबत घ्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.